पट आणि हजर

जुन्या शाळेची इमारत आता शाळा राहिलेली नसली, तरी आत पाऊल टाकताच ती ओळखू येते भिंतीतल्या फळ्यामुळे. घोडीवरचा लाकडी फळा उचलून नेता येतो. पण गावोगावच्या मराठी शाळांमध्ये बरेचदा भिंतीचाच एक लांबट चौकोन सिमेंटने गुळगुळीत करून त्याला काळा रंग देत. तो फळा भिंतीचा झालेला असतो. शाळा नव्या जागेत गेली, बाक गेले, नकाशे गेले, कपाटावरचा कललेला पृथ्वीचा गोल गेला, तरी फळा मागे राहतो. मग त्या खोलीत सोसायटीच्या खताच्या गोण्या येतात आणि कुणीतरी त्याच फळ्यावर आवक-जावक मांडू लागतं. रेशनचं दुकान आलं तर गहू-तांदळाचे भाव आणि शिल्लक साठा तिथेच लिहिला जातो. वरच्या कडेला मात्र तैलरंगात रंगवलेले जुने शब्द तसेच असतात: इयत्ता, दिनांक, वार, विषय, पट, हजर. आकडे खडूचे होते, रोज पुसले जायचे. शब्द रंगाचे होते, ते राहिले. खताचा हिशेब लिहिणाऱ्याला ‘दिनांक’ उपयोगी पडतो, ‘वार’ही चालून जातो. ‘पट’ आणि ‘हजर’ यांच्यापुढच्या जागा तेवढ्या रिकाम्या असतात.

हे दोन शब्द शाळेबाहेर क्वचितच जोडीनं भेटतात. पट म्हणजे दाखल झालेली नावं. हजर म्हणजे आज खरोखर आलेली मुलं. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे गावाची त्या दिवसाची खबर असते: सुगी आहे, जत्रा आहे, साथ आहे, ऊसतोडीला माणसं गेली आहेत. सरकारदरबारी मात्र शाळेचं नशीब ठरतं ते पटावर. २०१७ च्या अखेरीस महाराष्ट्रात दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करून तिथली मुलं जवळच्या शाळांत हलवण्याचा निर्णय झाला. पुढे २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार पुढे आला. तो बरा की वाईट हा वेगळा वाद. पण मुलं हलवता येतात, शिक्षकांची बदली करता येते, दप्तर टेम्पोत घालून नेता येतं. इमारत जागची हलत नाही. तिचं काय करायचं, या प्रश्नाला उत्तरही बहुधा पटाच्याच भाषेत दिलं जातं. कुठल्या यादीत तिचं नाव आहे? वारसा वास्तूंच्या, धोकादायक इमारतींच्या की विकता येण्याजोग्या मालमत्तेच्या? माझं म्हणणं एवढंच की इमारतीच्या बाबतीतही पट पुरेसा नाही, हजेरी पाहिली पाहिजे. जुन्या शाळेचा नवा वापर योग्य की अयोग्य हे भिंती किती शाबूत राहिल्या यावरून ठरू नये. बोलावणं नसलेलं माणूस आजही त्या दारातून सहज आत येऊ शकतं का, यावरून ठरावं.

असं म्हणायला आधार आहे तो शाळेच्या इमारतीच्या इतिहासातच. शाळा ही आपल्याकडे मुळात पाहुणी. पंतोजींची शाळा कुणाच्या ओसरीवर भरायची, कुठे देवळाच्या ओवरीत, कुठे चावडीवर. धूळपाटीवर बोट फिरवायला वेगळ्या वास्तूची गरज नव्हती. पण पाहुणी म्हटली की यजमान आलाच, आणि ओसरीवर कुणी चढायचं हे यजमान ठरवतो. ओवरीत कुणी बसायचं हे देवळाचे रिवाज ठरवतात. शाळेला स्वतःचं छप्पर मिळणं ही म्हणूनच नुसती सोयीची गोष्ट नव्हती. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला आणि त्याचा एक हिस्सा शाळांकडे वळला. मग हळूहळू गावोगाव त्या ओळखीच्या बांधणीच्या इमारती उभ्या राहिल्या: उंच जोतं, पुढे सलग पडवी, आत लांबट खोल्या, गजांच्या खिडक्या आणि वर कौलं. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढच्या काळात मंगलोरी कौलं ही शाळा, कचेरी, स्टेशन अशा सगळ्या सार्वजनिक छपरांची खूणच झाली. या इमारतीला यजमान नव्हता, निदान कागदोपत्री तरी नव्हता. तिचे पैसे ज्यांनी भरले त्यांत आपली मुलं शाळेत पाठवू न शकणारे शेतकरीही होते. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडलेल्या निवेदनाचा एक कणा हाच होता: पैसा रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्यांचा. म्हणजे गावातली जुनी शाळा ही अनेक घराण्यांनी न शिकताच फेडलेली वस्तू आहे. तिच्यावरचा हक्क मोजताना फक्त तिथे शिकलेल्यांची यादी काढून भागणार नाही.

आता साताऱ्याकडे पाहू, कारण एकाच वास्तूत हा सगळा गुंता पाहायचा तर साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यासारखं दुसरं ठिकाण सापडणं अवघड. पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर कारभारासह बसवलं. १८२४ च्या सुमारास त्यांनी हा वाडा बांधला. रस्ते, पाणी, शिक्षण, छापखाना यांत रस घेणारा हा राजा १८३९ मध्ये पदच्युत झाला, काशीला पाठवला गेला आणि १८४७ मध्ये तिथेच वारला. पुढच्याच वर्षी त्याचे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गेले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. वाडा उरला, राजा उरला नाही. त्याच १८४८ मध्ये पुण्यात बुधवार पेठेतल्या भिड्यांच्या वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा उघडली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. तरी एकाच वर्षी एक वाडा रिकामा होतो आणि दुसऱ्यात एक नवी हजेरी सुरू होते, हे लक्षात राहतं. साताऱ्याच्या वाड्यालाही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हजेरी लाभली. तिथे सरकारी हायस्कूल भरू लागलं. त्याला पुढे प्रतापसिंहांचंच नाव मिळालं. राजघराण्याच्या वास्तूत शेतकऱ्याचं, कारकुनाचं, शिपायाचं पोर पाटी-दप्तर घेऊन जाऊ लागलं. तेव्हा कुणी ‘वास्तूचं मूळ प्रयोजन’ जपा असा हट्ट धरला असता, तर तो वाडा आज फार तर एका खालसा झालेल्या राज्याची आठवण असता. त्याची आजची ओळख दुसऱ्या वापरानं घडली आहे. जुन्या शाळेचा वापर बदलू नये म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की आपल्या अनेक नामवंत शाळा स्वतःच कुणाच्या तरी इमारतीचा बदललेला वापर आहेत.

ती आजची ओळख कोणती, हे महाराष्ट्राला सांगायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या शाळेत पहिल्या इयत्तेत एक नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरातला क्रमांक १९१४. २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. म्हणजे पटाचा मान मोठ्या इतमामाने राखला गेला. हजेरीची कथा मात्र बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत सांगून ठेवली आहे. साताऱ्यातल्या शाळकरी दिवसांत वर्गात वेगळं बसायचं, आपल्या बुडाखालचं गोणपाट रोज घरून आणायचं आणि परत न्यायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायाने नळ सोडला तर प्यायचं, शिपाई नसेल तर कोरडं राहायचं. राजवाड्याचं दार उघडलं होतं, नाव पटावर लागलं होतं, मुलगा रोज वर्गात होता आणि तरीही खोलीच्या आत एक उंबरठा शिल्लक होता. दार उघडं असण्याच्या कसोटीवर हा आक्षेप घ्यायलाच हवा, आणि तो साताऱ्यातच घेतला गेला, तोही कृतीने. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये त्याच गावात वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहत, एकत्र राबत, एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. वाडा भव्य होता, बोर्डिंगचा संसार ओढग्रस्तीचा. पण जे वाड्याला जमलं नव्हतं ते बोर्डिंगने केलं. तेव्हा दाराच्या कसोटीत पाणी धरायचंच. माणूस आत येतो का, बसतो कुठे, आणि तहान लागली तर कुणाची वाट पाहावी लागते का, हे तिन्ही विचारल्याशिवाय हजेरी पुरी मांडली जात नाही.

एवढं मान्य केलं तरी पहिली हरकत भावनेची येते, आणि ती हलकी नाही. शाळा ती शाळाच राहावी. तिथे कार्यालय, दुकान, गोदाम काही नको. ज्यांनी तिथे बाराखडी गिरवली त्यांना त्या खोलीत दुसरं काही पाहवत नाही. शिवाय दारावर संगमरवरी पाटी असते: अमक्यांच्या स्मरणार्थ तमक्यांनी इतके रुपये दिले, सालासकट. बक्षीसपत्रात ‘शिक्षणाकरिता’ असा शब्द असतो आणि तो पाळणं हे नुसतं सौजन्य नाही, जबाबदारी आहे. पण शाळेची इमारत कधीतरी निव्वळ शाळा होती का, हेही पाहायला हवं. मतदान तिथेच होतं. लसीकरण तिथेच होतं. गावात वऱ्हाड आलं की एके काळी वर्ग रिकामे करून सतरंज्या तिथेच पडायच्या. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी कुटुंबांनी शाळांत दिवस काढले. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईहून कोकणात परतलेल्या चाकरमान्यांना गावच्या शाळेतच विलगीकरणात ठेवलं गेलं. ज्या वर्गात ते शिकले त्याच वर्गात चौदा दिवस चटईवर पडून कौलं मोजायची पाळी आली. घरात जागा नसते, देवळात रीत आडवी येते, पंचायतीत राजकारण असतं. सगळ्या आळ्यांची माणसं न अडखळता जिथे चढतात असं जोतं गावात बहुधा एकच असतं. ही सवय शाळेने लावली, मुलांच्या निमित्ताने. तेव्हा मुलं गेल्यावर राखायचं काय, तर ही सवय. बक्षीसपत्रातल्या ‘शिक्षणाकरिता’ या शब्दाशीही हेच अधिक इमान राखणारं आहे.

दुसरी हरकत अधिक प्रतिष्ठित आहे. ती म्हणते, थोर माणसांच्या पायधुळीनं पावन झालेल्या शाळेचं स्मारक करा, संग्रहालय करा. दार उघडंच राहील. राजकोटचं आल्फ्रेड हायस्कूल हे याचं ठळक उदाहरण. १८५३ मध्ये सुरू झालेल्या या शाळेची देखणी इमारत १८७५ ची. मोहनदास गांधी इथूनच १८८७ मध्ये मॅट्रिक झाले. २०१७ मध्ये शाळा बंद झाली आणि २०१८ मध्ये तिथे महात्मा गांधी संग्रहालय उघडलं. इमारत निगुतीने दुरुस्त झाली, माणसं येतात, पाहतात, मुलांच्या सहली येतात. यात वाईट काय? वाईट काही नाही, पण उणं आहे. संग्रहालयात माणूस येतो तो पाहुणा म्हणून; एकदा येतो, कौतुकाने पाहतो, निघून जातो. शाळेत मूल यायचं ते रोज, कंटाळून, उशिरा, गृहपाठ न करता. गांधी त्या शाळेत मध्यम वकुबाचे, लाजाळू विद्यार्थी होते हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. त्या इमारतीचं खरं मोठेपण बहुधा हेच, की तिने एका सामान्य मुलाला काही विशेष न मानता रोज आत घेतलं. स्मारक झाल्यावर ती फक्त असामान्यांची होते. पटावरचं एक नाव सोन्यानं लिहिलं जातं आणि बाकीची पुसट होतात. भिडेवाड्याची गोष्ट आणखी अवघड. खासगी मालकी, तळाशी दुकानं, वर्षानुवर्षांचे दावे, पडझड, आणि शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी तो पाडला गेला. तो वाचवण्याची वेळ तोवर कधीच टळून गेली होती. पण तिथे उभं राहणारं स्मारक सावित्रीबाईंच्या शाळेशी नातं सांगणार असेल, तर पुतळ्याइतकीच तिथे मुलींची एक रोजची जागा असली पाहिजे: वाचायची, शिकायची, नुसतं बसायचीही. वाडा परत येणार नाही. हजेरी परत आणता येते.

तिसरी हरकत जिवाची आहे, आणि तिच्यापुढे बाकी सगळ्या हरकती गप्प बसतात. जुनी इमारत कोसळली तर? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी आणि भोवतालच्या गावांत हजारो माणसं गेली ती बहुतांशी आपल्याच घरांच्या भिंतींखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड धाबं. ते दृश्य पाहिलेल्या पिढीला दगडी भिंतीचं कौतुक ऐकवू नये. म्हणूनच जिल्हा परिषदेच्या दप्तरात ‘निर्लेखन’ हा शब्द रुळला आहे: धोकादायक वर्गखोलीचं निर्लेखन, म्हणजे कागदावरून ती वजा करायची आणि मग पाडायची. वजा करणं कधी कधी अगदी बरोबर असतं. पण किल्लारीचा धडा नीट वाचला तर तो जुनेपणाविरुद्ध नाही. त्या भिंतींची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधणारे आरपार दगड नव्हते, दगडांना धरून ठेवायला चुना नव्हता, चारी भिंतींना कवेत घेणारा पट्टा नव्हता; हादऱ्यासरशी भिंत उभी दुभंगली. भिंतीला आरपार भोकं पाडून त्यांत काँक्रीटचे दुवे ओतणं, दारं-खिडक्यांच्या वर सलग पट्टा फिरवणं, कौलांखालची लाकडं भिंतीशी जखडणं, हे उपाय ठाऊक असलेले आहेत. चुन्यात बांधलेली, वेळच्या वेळी शाकारलेली इमारत आणि मातीत रचून सोडून दिलेली इमारत यांचं वय सारखं असलं तरी प्रकृती सारखी नसते. वय पाहून पाडणं म्हणजे पटावर निकाल देणं. नाडी पाहून ठरवणं म्हणजे हजेरी घेणं. आणि एक साधी गोष्ट: सरकलेलं कौल, भिंतीला चढलेली वाळवी, तुळईला पडलेली चीर ही रोज येणाऱ्यालाच दिसते. कुलूप घातलेल्या इमारतीचं दुखणं ती खाली बसल्यावरच कळतं.

हे सगळं पटलं तरी पैसे कोण देणार, हा प्रश्न उरतो, आणि तो विचारणारा सरपंच किंवा मुख्याधिकारी कुचेष्टेने विचारत नसतो. नव्या बांधकामाला निधी असतो, आराखडा असतो, कोनशिला असते. दुरुस्तीचं भूमिपूजन होत नाही. पन्नास कौलं बदलली म्हणून फीत कुणी कापत नाही. त्यामुळे जुनी शाळा पाडून खाली गाळे आणि वर दोन खोल्या, हा तोडगा तालुक्याच्या गावांना मोह पाडतो. भाडं येतं, त्यातून शाळाही चालते. या तोडग्याला सरसकट नावं ठेवता येणार नाहीत. भाड्यावर तगलेल्या संस्था आहेत. पण रस्त्यालगतचा तळमजला ही कुठल्याही सार्वजनिक इमारतीची सगळ्यात मोलाची जागा असते, कारण म्हातारं माणूस, पाय अधू असलेलं मूल, कडेवर पोर घेतलेली बाई तिथेच न विचारता आत येऊ शकते. तीच जागा भाड्याने दिली की दार कायद्याने उघडं आणि पायांना बंद, अशी गत होते. जुन्या शाळेच्या जोत्याला चार पायऱ्या असतात हे खरं. पण एक उतरती फरशी घालणं हा गाळे बांधण्याच्या मानाने किरकोळ खर्च आहे. खर्चाचा हिशेब करताना या बाजूचाही करावा. इमारत मोडल्यावर सागवान, घडीव दगड आणि कौलं लिलावात कवडीमोलाने जातात, तेव्हा त्या रकमेत रयतेचा तो एक आणा कुठेच मोजलेला नसतो.

मग तिथे व्हावं तरी काय? याचं उत्तर गावागणिक वेगळं आहे आणि ते तसंच राहू द्यावं. तरी तारतम्य सांगता येतं. तालुक्याच्या गावांतून अलीकडे सगळ्यात जास्त मागणी दिसते ती अभ्यासिकेला. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली चार तास शांत बसता येईल अशी खुर्ची शोधत हिंडतात आणि महिन्याचे पैसे मोजून खासगी खोल्यांत कोंडून घेतात. जुन्या शाळेच्या उंच छपराखाली, दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात ती बसली, तर इमारतीला फारसं काही बदलावंसुद्धा लागत नाही. वाचनालय हा तर तिचा सख्खा वारस. सातारा जिल्ह्यातल्याच भिलारने २०१७ मध्ये ‘पुस्तकांचं गाव’ होताना उलटी वाट धरली: घरांच्या ओसऱ्या, देवळं, शाळा अशा पंचवीसेक ठिकाणी पुस्तकं ठेवली. ओसरीवर कुणी चढायचं हे यजमान ठरवतो, असं वर म्हटलं. इथे यजमानांनीच ओसरी अनोळखी माणसाला मोकळी केली. ओसरी जर वाचनालय होऊ शकते, तर शाळेला अवघड का जावं? अंगणवाडी, दवाखाना, बचत गटाचं काम, संध्याकाळची तालीम, सगळं चालेल. खताचं गोदामसुद्धा अगदी वाईट नाही. शेतकरी तिथे हक्काने येतो, फळा वाचतो, आकडा खोटा वाटला तर विचारतो. त्या मानाने कुलूपबंद ‘वारसा वास्तू’ नावाने मोठी, हजेरीने शून्य. यावर कुणी म्हणेल, सर्वांचं ते कुणाचंच नाही. दार उघडं ठेवलं की पत्त्यांचा अड्डा होतो, पंखे जातात, भिंती रंगतात. होतं असं. पण शाळा असतानाही दार उघडंच होतं आणि तरी इमारत टिकली, कारण सकाळी कुलूप काढणारं एक माणूस होतं, घंटा देणारं एक माणूस होतं आणि हजेरी घेणारं एक माणूस होतं. उघडेपणाला पहारा लागत नाही, पाळी लागते. नव्या वापरासाठी निधी मागताना त्या एका माणसाचा पगार आधी मागावा, रंगरंगोटी मागाहून.

इमारती माणसांहून अधिक जगतात, म्हणून आपण त्यांना साक्षीदार म्हणतो. पण साक्षीदाराला कुणी विचारलं तरच तो बोलतो. साताऱ्याचा वाडा राजाचा होता, मग शाळेचा झाला. त्याच्या सोप्यात मानही पाहिला गेला आणि गोणपाटही. कुणी कितीही चुना फासला तरी यातलं एकही खोडता येत नाही. भिंतीतल्या त्या फळ्याचं असंच असतं. इमारत नव्या कामाला घेताना आधी सगळीकडे पांढरा हात मारतात, त्यात फळाही बुजतो. उन्हाळाभर भिंत कोरी दिसते. मग मृगाचा पाऊस येतो, कौलांतून एक धार झिरपते, ओल खाली उतरते आणि पांढऱ्यातून तो काळसर चौकोन पुन्हा वर येऊ लागतो. आधी कडा, मग वरच्या ओळीतले रंगाचे शब्द, उलट्या क्रमाने आठवावं तसे. पट, आणि त्याच्या शेजारी हजर. त्यांच्यापुढे काय लिहायचं ते ज्याच्या हातात खडू असेल त्याच्यावर आहे. खोलीत कुणी असेल तर.